डाव्या काखेची शिवण

माझ्या ताईला रस्ता विचारायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. ती उजवीकडे म्हणाली की डावीकडे वळायचं, डावीकडे म्हणाली की उजवीकडे. सरळ म्हणाली तर मात्र सरळ जायला हरकत नाही. भावजी शहराची बस चालवतात, सगळे रस्ते त्यांना तोंडपाठ. पण लग्न नवं होतं तेव्हा एकदा त्यांनी बायकोचं ऐकलं, आणि चुलतभावाकडे जेवायला निघालेली ही दोघं नटूनथटून सिमेंटच्या गोदामापुढे जाऊन उभी राहिली. तिथल्या पहारेकऱ्याने बिचाऱ्याने पाणी तरी विचारलं. तेव्हापासून भावजी तिचं सगळं ऐकून घेतात आणि नेमकं उलट करतात. संसार सुखाचा चाललाय.

ताई मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. शाळेत तिला शिट्टीबाई म्हणतात. तिला हे पक्कं ठाऊक आहे, आणि मुलींना वाटतं बाईंना ठाऊक नाही. चालू द्या. मी तिची धाकटी बहीण. माझं शिवणाचं दुकान खाली, ताई आणि भावजी वरच्या मजल्यावर, आणि मी दुकानामागच्या खोलीत. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. नाकावर राग आणि हातात कात्री, असं स्थळ बघायला येणारे लोक चहा न पिताच उठायचे.

शाळेच्या सगळ्या खेळांचे कपडे माझ्याकडेच शिवायला असतात, त्यामुळे खेळ मला कपड्यांवरून कळतात. लांब उडीवाल्यांची चड्डी बसायच्या जागी झिजते, बास्केटबॉलवाल्यांची बनियनं खेचाखेचीत बाजूला फाटतात, पोहणाऱ्यांच्या कपड्यांतलं इलॅस्टिक ढेपाळतं. मला स्वतःला एकही खेळ येत नाही. लहानपणी मी दोरीवरच्या उड्या मारायला लागले की दोरी सोडून सगळं उडायचं. पण ताई शिकवते कसं, ते मात्र मी आयुष्यभर बघत आलेय. फुकटात, आणि नको असतानाही.

तिची पद्धत अशी, की शिकवताना एकही शब्द खेळाचा वापरायचा नाही. गोळाफेकीला ती पोरींना म्हणते, "गोळा मानेशी धर, दोन्ही हात कामात असताना फोन धरतेस ना, तसा." पोहायला शिकवताना पोरींना आधी तळ्याच्या काठावर बसवून रिकाम्या हातात कप धरायला लावते आणि चहा गरम आहे, फुंकर मार म्हणते. मग तीच फुंकर पाण्यात तोंड घालून. "श्वास घ्यायला कोणाला शिकवावं लागत नाही," ती म्हणते, "सोडायला शिकवावं लागतं." व्हॉलीबॉलची सर्व्हिस शिकवायची, तर तिचा एक डबा आहे. खरा नव्हे, मनातला. "वरच्या फळीवर डबा आहे. टाचा उचल, हात लांब कर, काढ." बस, एवढंच. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, दुसरी सांगायची नाही, जीभ कितीही वळवळली तरी.

आणि तिचं दुसरं खूळ म्हणजे शेवट आधी शिकवायचा. लांब उडी असली तर आधी पडायचं कसं, मग उडायचं कसं, मग धावायचं कसं. पोरी पहिला आठवडा नुसत्या वाळूत बसतात. पालक येऊन विचारतात, बाई, आमची मुलगी धावणार कधी. ताई म्हणते, "पोचायचं कुठे ते कळलं की धावेल आपोआप."

मला सायकल अशीच शिकवली तिने. मी आठ-नऊ वर्षांची, रडतराऊ. ती आली, पाना घेतला आणि सायकलची पायडलंच काढून टाकली. "आता बस आणि चाल." मी सीटवर बसून दोन्ही पायांनी जमीन ढकलत गल्लीतल्या उतारावरून चालत राहिले. लोक हसत होते. मग हळूहळू पाय उचलले गेले. दोन दिवसांनी तिने पायडलं लावली, तेव्हा मला तोल सांभाळता येतोय हे मला कळलंसुद्धा नव्हतं. तेव्हा ताई स्वतः शाळेतच होती. तोंडाला काळं ग्रीस लागलेलं, आणि अशी हसत होती की जणू तिलाच सायकल आली.

तर अशी ही ताई. सकाळी तिच्या शिट्टीने गल्ली जागी व्हायची, संध्याकाळी ती जिन्यावरून चेंडू आपटत वर जायची आणि माझ्या टाचण्यांची डबी थरथरायची. मी खालून ओरडायचे, ती वरून हसायची. दर दोन-तीन महिन्यांनी टी-शर्ट माझ्या टेबलावर फेकायची. "उसवला गं." काखेत. नेहमी काखेत. मी म्हणायचे, "माणसाचे हात आहेत की पवनचक्की?" आणि ठिगळ लावून द्यायचे.

मग ती पडली.

पोरींना पडायचं कसं ते जन्मभर शिकवणारी बाई छतावरचं जळमट काढायला स्टुलावर चढली आणि सरळ उजव्या खांद्यावर पडली. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण खांदा आखडला तो आखडलाच. हात कानापर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा, पुढे दार बंद असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, वेळ लागेल. किती ते त्यांनाही सांगता येईना. पूर्ण वर जाईल की नाही, यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यावरून काय समजायचं ते आम्ही समजलो.

मुख्याध्यापिका बाई घरी भेटायला आल्या. चांगल्या बाई. येताना संत्री घेऊन आल्या आणि सोलूनही दिली. म्हणाल्या, वाचनालयाच्या बाई निवृत्त होताहेत, ती जागा तुम्हाला देते. तुमची जागा गेली असं समजू नका, बदलली असं समजा. पण मैदानाला मग मला कायमचं नवं माणूस बघावं लागेल. तुम्ही सोमवारी काय ते सांगा, कुठलंही असलं तरी मी समजून घेईन.

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. हात वर न जाणारी बाई पोरींना दाखवणार काय? खेळ बोलून शिकवता येत नाही."

"मग बसून शिकव."

"बसून तू शीव," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, हेच मला लागलं. आमच्या घरात भांडण नसलं की समजावं काहीतरी बिघडलंय.

ती मैदानावर गेलीच नाही त्यानंतर. तिच्या जागी गणिताच्या बाई मुलींना घेत होत्या, म्हणजे मैदानाला फेऱ्या मारायला लावून स्वतः पेपर तपासत होत्या. ताई घरात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बसायची. कधी गच्चीवर जाऊन भिंतीसमोर उभी राहायची, चेंडू घ्यायची, उजवा हात वर न्यायची. कानाशी थांबला की चेंडू खाली ठेवायची. भावजी जिन्यात उभे राहून बघायचे आणि मला येऊन सांगायचे, काही बोलू नकोस म्हणून. मी मशीन चालवत होते, आणि इतक्या जोरात की त्या आठवड्यात दोन सुया तुटल्या.

शनिवारी तिने एक गाठोडं आणून माझ्या टेबलावर टाकलं. जुने, नवे, सगळे टी-शर्ट. "यांची फडकी कर. मला आता लागायचे नाहीत. आणि हो, वाचनालयातली खुर्ची फार कडक आहे. एक उशी शिवून दे."

"उशी?"

"बसायची."

ती वर गेली. मी कात्री घेतली आणि कोणाला तरी कापायचं असल्यासारखी बसले. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि माझं ते नेहमी एकत्रच येतं, त्यामुळे आधी कुठलं आवरायचं ते कळत नाही. टी-शर्ट एकावर एक पसरले, कॉलर कापून काढायला. गळ्याशी गळा, बाहीशी बाही जुळवली. आणि मग मी बघत राहिले.

ठिगळं सगळी एकाच बाजूला होती.

सुटे सुटे यायचे तेव्हा कधी लक्षात आलं नव्हतं. काख फाटली की काख शिवायची, कुठली ते कोण बघतं. पण आता गठ्ठा समोर होता आणि एकूण एक टी-शर्टाची डावी काख दोनदा-तीनदा शिवलेली, आणि उजवी आणली तशी कोरी. आता मी काही डॉक्टर नाही, पण काखा मला कळतात. रंगाऱ्याच्या शर्टाची उजवी काख जाते, कारण त्याचा उजवा हात दिवसभर वर असतो. डावखुऱ्या रंगाऱ्याची डावी जाते. वर जाणाऱ्या हाताचीच काख फाटते, खाली राहणाऱ्याची फाटत नाही.

मी टी-शर्ट गळ्यात अडकवून वर गेले.

"ताई, तू डावखुरी आहेस का?"

"वेड लागलंय का? लिहिते कशाने, जेवते कशाने?"

"मग ह्या बघ." मी एकेक काख तिच्या नाकासमोर धरली.

तिने बघितलं. "त्या खांद्याला मी पिशवी अडकवते चेंडूंची."

"पिशवीने खांदा झिजतो, काख फाटत नाही. मला माझा धंदा शिकवू नकोस. तू डाव्या हाताने चेंडू मारतेस."

"अगं बये, मी जन्मात डाव्या हाताने चेंडू मारलेला नाही."

पण मी ऐकणाऱ्यातली नाही. तिला दंडाला धरून गच्चीवर नेलं. भावजी टॉवेल खांद्यावर टाकून मागोमाग. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, चेंडू उजव्या हातात धरला, डावा मागे नेला. तिचे ओठ हलत होते. खांदा असा, कोपर तसं, पाय कुठला पुढे, असं स्वतःलाच सांगत होती. जी पोरींना एका वेळी एकच गोष्ट सांगते, ती स्वतःला पाच सांगत होती. चेंडू उडवला, हात फिरवला, आणि चेंडू भिंत सोडून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

"झालं समाधान?" ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

भावजी टाकीवर चढले. टाकीमागून त्यांचा आवाज आला, "धाकटे, चांगलं करायला गेलीस, पण आता जरा गप्प बस." भावजी असं कधी बोलत नाहीत. मी खाली येऊन उशी शिवायला घेतली आणि मुद्दाम वाकडी शिवली.

रविवारी दुपारी दुकानात वाटाणा आली. खरं नाव वेगळं आहे तिचं, पण मैदानावर सगळे वाटाणाच म्हणतात, तीही म्हणते. शाळेच्या व्हॉलीबॉल संघातली सगळ्यात बुटकी पोरगी. सगळ्यात लहान मापाची चड्डी तिला गुडघ्याखाली येते, तीच आत घ्यायला आली होती. ताई कोपऱ्यात स्टुलावर बसून माझी बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत होती. अशा कामाला ती पूर्वी बसली असती तर मी दुकान बंद करून मिठाई वाटली असती.

मी वाटाण्याला समोर उभी करून कमरेला टाचण्या लावत होते. पोरगी माझ्या डोक्यावरून ताईशी बोलायला लागली. "बाई, माझी सर्व्हिस अजून जाळीलाच लागते. मला संघातून काढणार बहुतेक."

"गणिताच्या बाई काय म्हणतात?"

"अजून दोन फेऱ्या मार म्हणतात."

ताईने बटणं खाली ठेवली. "दाखव."

माझ्याकडे चेंडू कुठला असणार. त्याच टी-शर्टांच्या कापलेल्या तुकड्यांचा बोळा करून मी तिला दिला. वाटाण्याने मारला. बोळा तिच्या पुढ्यातच पडला.

"डबा," ताई म्हणाली.

"तेच करते मी बाई, पण डबा निघत नाही."

"अगं, निघत नाही म्हणजे काय, तू पोचायच्या आधीच ओढतेस. अशी बघ."

आणि ती उठली. मी टाचण्या दातात धरून खाली बसलेली होते, माझ्या डोळ्यांसमोर घडलं म्हणून सांगते. ती वाटाण्याच्या समोर जाऊन उभी राहिली, तोंडाला तोंड. बोळा उजव्या हाताने कमरेएवढ्यावरून हलकाच वर उडवला. टाचा उचलल्या. आणि डावा हात वर गेला. सरळ, लांब, सहज. त्याने विचारलंसुद्धा नाही तिला. बोळ्याला अशी चपराक लागली की तो वाटाण्याच्या डोक्यावरून, माझ्या मशीनवरून जाऊन वरच्या फळीवर आदळला आणि तिथला बटणांचा डबा, खराखुरा डबा, खाली आला. दुकानभर बटणं.

"हां, आलं लक्षात," वाटाणा म्हणाली. बटणांकडे तिने बघितलंही नाही. हवेतच हात लांब करून तिने एकदा करून पाहिलं, आणि बरोबर केलं.

ताई तशीच उभी होती. डावा हात वरच.

"बाई, तुमचा हात बरा झाला की," वाटाणा म्हणाली.

"कुठला?"

"हा काय, उजवा. आत्ता मारलात तो." आणि तिने ताईच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

मी टाचण्या थुंकल्या आणि बटणांवर बसून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. ताई एकदा हाताकडे बघत होती, एकदा वाटाण्याकडे, एकदा माझ्या मागच्या मोठ्या आरशात, जिथे गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात. आरशात तिचा उजवा हात वर होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणाले. "आणि तुझ्या तर खरंच काखेत होता गं. मी शिवत होते."

मग हळूहळू तिला सगळं आठवलं. पार पहिल्या वर्षी, खेळाचं प्रशिक्षण घेताना, त्यांना एक ढेरपोटे सर होते. ते म्हणायचे, मुलांच्या समोर उभं राहून दाखवायचं तर आरशासारखं दाखवा, नाहीतर अर्धी मुलं चुकीचा हात उचलतात. त्यांना उजवा हवा तर तुम्ही डावा उचला. ताईने ते मन लावून घोटलं, हात आपोआप चालायला लागला, आणि मग शिकलेलं विसरून गेली. चप्पल घालताना आधी कुठला पाय घालतो ते आपल्याला सांगता येतं का? मैदानावर तिच्यासमोर कायम पोरी असायच्या, जाळीच्या पलीकडे, वाळूच्या पलीकडे. उजव्या हाताने तिने मैदानावर शिट्टी धरली, चेंडू धरला, पोरींच्या पाठीवर थाप मारली. शिकवलं ते सगळं डाव्याने. आणि ते उजवं-डावं रस्त्यावर, घरात, भावजींच्या नशिबात येत राहिलं, ते यापायीच. आम्ही इतकी वर्षं हसत होतो, आणि ती बिचारी सगळ्या जगासमोर तोंड करून उभी होती.

"म्हणजे इतके दिवस मी ज्या हातासाठी रडले," ती म्हणाली, "तो कामावर नव्हताच."

"तू रडलीस? कधी?"

"तुझी मशीन चालू असताना," ती म्हणाली. मग ती माझ्या गळ्यात पडली. वाटाणा चड्डी धरून, अंगभर टाचण्या, आमच्याकडे बघत उभी. "बाई, मग उद्या येणार?" तिने विचारलं. ताईने होकाराची मान हलवली.

एक शंका मात्र तिच्या मनात राहिली, आणि वाटाणा गेल्यावर ती लगेच गच्चीवर गेली. भिंतीसमोर डावा हात लावून पाहिला. चेंडू पुन्हा टाकीवर. भावजी निमूटपणे चढले, खाली आले आणि चेंडू हातात धरून तिच्यासमोर उभे राहिले. "मला शिकव," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"मला येत नाही. शिकव."

ती हसली, आणि त्यांना डब्याचं सांगायला लागली, आणि सांगता सांगता हात वर गेला. चेंडू भावजींच्या छातीवर. पुन्हा. पुन्हा. "समोर कोणी न शिकलेलं असलं की येतं मला," ती म्हणाली. "एकटीला येत नाही." भावजी छाती चोळत म्हणाले, त्यांना ते केव्हाच ठाऊक होतं. त्यांचा हा एक गुण मला आवडतो, वेळेवर खोटं बोलतात.

सोमवारी मी कपडे पोचवायच्या निमित्ताने शाळेत गेले. खोटं कशाला बोलू, बघायला गेले. मनात म्हटलं, पोरी टाळ्या वाजवतील, ओरडतील, कोणीतरी फुलं आणेल, आपण एका बाजूला उभं राहून डोळे पुसू. रुमालही चांगला घेतला होता. मुख्याध्यापिका बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, उत्तराची वाट बघत.

ताई मैदानावर गेली. मुली जाळीच्या एका बाजूला, ती दुसऱ्या. शिट्टी वाजली. तिने चेंडू उजव्या हातात घेतला, उडवला, टाचा उचलल्या, आणि डाव्याने मारला. चेंडू जाळीवरून पलीकडे.

काहीच झालं नाही.

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी काही म्हटलं नाही. सगळ्या पोरींनी सवयीने आपापला उजवा हात वर केला, लांब केला, डबा काढला. एकीने पाठ खाजवली. दुसरी म्हणाली, "बाई, इतके दिवस होता कुठे? आम्ही नुसत्या धावतोय." त्यांच्यासाठी काही बदललंच नव्हतं. त्यांनी बाईंचा जो हात रोज बघितला, तोच आजही बघितला. तो कधी मोडलाच नव्हता.

मी रुमालात तोंड खुपसून रडले. मुख्याध्यापिका बाईंना वाटलं शिलाईवरून कोणी बोललं, त्यांनी मला पाणी दिलं.

मग वाटाण्याची पाळी आली. चड्डी आता गुडघ्याच्या वर, बरोबर मापात, हे मी मुद्दाम सांगते. ती मागच्या रेषेवर उभी राहिली. ताई जाळीच्या पलीकडे समोर. तिने नुसता डावा हात वर धरून ठेवला. वाटाण्याने त्याच्याकडे बघितलं, टाचा उचलल्या आणि मारला. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, क्षणभर तिथेच थांबला, आणि मग पलीकडे, ताईच्या पायापाशी पडला. तेव्हा मात्र मैदान ओरडलं. ताईसुद्धा. सायकल आली तेव्हा हसली होती, अगदी तशी हसली.

"वाचनालयाला दुसरं कोणी बघते मग," मुख्याध्यापिका बाई माझ्याजवळ म्हणाल्या आणि आत गेल्या.

ताईचा उजवा हात अजून कानाच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की ती भावजींना हाक मारते. व्यायाम करते, कंटाळते, पुन्हा करते. वाकडी उशी भावजींनी बसच्या सीटवर ठेवलीय, म्हणतात कमरेला छान लागते. रस्ता मात्र आम्ही तिला अजूनही विचारत नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी जिन्यावर चेंडू आपटल्याचा आवाज आला, टाचण्यांची डबी थरथरली, आणि दारातूनच एक टी-शर्ट माझ्या टेबलावर येऊन पडला. मी कापायच्या राहिलेल्यांपैकी एक.

"उसवला गं," ती म्हणाली.

मी उलटा करून बघितला. डावी काख. "माणसाचे हात आहेत की पवनचक्की?" मी म्हणाले, आणि दोरा ओवायला घेतला. डोळ्यांत पाणी होतं, दोरा काही केल्या सुईत जाईना, शेवटी तिलाच ओवून दे म्हटलं.